कोणता भाग किती वर्षांचा

२०१७ साली गेमिंगसाठी कॉम्प्युटर असेंबल करायला निघालेल्या माणसापुढे दोन प्रोसेसर होते. जानेवारीत आलेला इंटेलचा कोअर आय-७ ७७००के: चार कोअर, टर्बोमध्ये साडेचार गिगाहर्ट्‌झ, आणि त्या घडीला गेमिंगमध्ये सगळ्यांच्या पुढे. एप्रिलमध्ये आलेला एएमडीचा रायझन ५ १६००: सहा कोअर, बारा थ्रेड, पण एकेका कोअरचा वेग कमी, त्यामुळे बहुतेक गेममध्ये फ्रेमही कमी. पहिल्याची अमेरिकेतली किंमत ३३९ डॉलर, दुसऱ्याची २१९. ज्याला परवडत होतं त्याने डोळे झाकून पहिला घेतला.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात इंटेलने सहा कोअरचा आठव्या पिढीचा प्रोसेसर आणला. सॉकेटचा आकडा तोच, ११५१, पण जुन्या बोर्डवर तो चालत नव्हता. बोर्डही नवा घ्यावा लागे. म्हणजे नऊ-दहा महिन्यांतच ७७००केचा रस्ता संपला. २०२१ मध्ये विंडोज ११ आलं, तेव्हा इंटेलच्या नेहमीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांची यादी आठव्या पिढीपासून सुरू झाली आणि सातवी पिढी बाहेर राहिली. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला, आणि एके काळचा हा अव्वल प्रोसेसर अधिकृत हिशेबातून पुसला गेला.

रायझनवाल्याचं काय झालं? तो प्रोसेसरही विंडोज ११ च्या यादीत नव्हता. पण ज्या एएम४ सॉकेटवर तो बसला होता, ते एएमडीने वर्षानुवर्षं चालू ठेवलं. मध्ये एकदा गाडी अडली होती. या बोर्डांवरची बायोसची चिप बहुधा १६ मेगाबाइटची. इतक्या पिढ्यांच्या प्रोसेसरांची माहिती तिच्यात मावेना. २०२० मध्ये एएमडीने सांगून टाकलं की पुढचे प्रोसेसर ४०० मालिकेच्या बोर्डांवर चालणार नाहीत. ग्राहक खवळले, आणि त्याच महिन्यात कंपनीने निर्णय फिरवला. २०२२ मध्ये तर ३०० मालिकेच्या, म्हणजे २०१७ च्या बोर्डांनाही परवानगी मिळाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये रायझन ७ ५८००एक्सथ्रीडी आला. त्यात चिपवरच आणखी एक थर चढवून कॅशे ९६ मेगाबाइटपर्यंत नेलेली होती. गेममध्ये प्रोसेसरला पुढची माहिती कुठून लागेल याचा नेम नसतो. ती दरवेळी रॅममधून आणायची तर प्रोसेसर ताटकळत बसतो. कॅशे मोठी झाली की ते ताटकळणं घटतं. पाच वर्षं जुन्या, मध्यम दर्जाच्या बोर्डवर बायोस अपडेट करायचा, चार स्क्रू काढून नवा प्रोसेसर बसवायचा, आणि त्या काळातल्या सर्वांत वेगवान गेमिंग प्रोसेसरांपैकी एक घरात येत होता.

खरेदीच्या दिवशीचा वेग आणि कॉम्प्युटरचं आयुष्य यांचा संबंध किती पातळ असतो, हे या दोन मशिनींवरून कळतं. कॉम्प्युटर नावाची एक वस्तू दहा वर्षं टिकत नसते; तिच्यातला प्रत्येक भाग आपापल्या वयाने जगतो. माझा अंदाज असा: चांगलं कॅबिनेट पंधरा वर्षं, चांगला एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) दहा, बोर्ड आणि सॉकेट सात-आठ, ग्राफिक्स कार्ड चार-पाच. ज्याचं वय मोठं, ते पहिल्याच दिवशी उत्तम घ्यावं. ज्याचं वय लहान, ते बेताने घ्यावं आणि बदलायची तयारी ठेवावी. प्रत्यक्षात बहुतेक खरेदी याच्या नेमकी उलट होते: बजेटचा मोठा वाटा ग्राफिक्स कार्डावर, आणि उरलेल्या पैशांत कॅबिनेटसोबत फुकट मिळणारा एसएमपीएस.

हे वय ठरवतं कोण? गेमच्या बाबतीत उत्तर अनपेक्षित आहे: टीव्हीला जोडायचे कन्सोल. मोठ्या बजेटचा गेम बनवणाऱ्याला तो प्लेस्टेशनवर आणि एक्सबॉक्सवर चालवावाच लागतो, म्हणून गेमची किमान गरज कन्सोल ठरवतो. नोव्हेंबर २०१३ मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ४ मध्ये आठ कोअर होते, पण लॅपटॉपच्या स्वस्त चिपमधले, १.६ गिगाहर्ट्‌झचे. मेमरी ८ जीबी, आणि साधी हार्ड डिस्क. त्यामुळे २०११ मध्ये आलेला इंटेलचा आय-५ २५००के त्या कन्सोलच्या जवळजवळ सगळ्या पिढीभर पुरला. लोक त्याला अमर म्हणायचे. समोरचा पल्ला सोपा होता, हे त्यामागचं मोठं कारण. नोव्हेंबर २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ आला: आधुनिक आठ कोअर, ३.५ गिगाहर्ट्‌झपर्यंत वेग, १६ जीबी मेमरी, आणि सेकंदाला साडेपाच जीबी वाचणारी एसएसडी. दोन-तीन वर्षं गेम जुन्या कन्सोललाही धरून बनत राहिले, तोवर कुणाला काही जाणवलं नाही. २०२३ मध्ये जुन्याचा हात सुटला आणि कॉम्प्युटरवाल्यांच्या अंगावर नव्या गरजा एकदम आल्या. स्टारफील्डने तर एसएसडी सक्तीचीच केली.

प्लेस्टेशन ३, ४ आणि ५ यांची वर्षं पाहा: २००६, २०१३, २०२०. नवी पिढी आल्यावर वर्षभराने घेतलेला कॉम्प्युटर सर्वांत जास्त चालतो, आणि पिढी संपायच्या तोंडावर घेतलेला सर्वांत कमी. प्लेस्टेशन ५ ची पिढी आता उत्तरार्धात आहे. म्हणून आज घेणाऱ्याने प्रोसेसर आणि मेमरी कन्सोलपेक्षा वरची घ्यावी, पण सगळा पैसा आजच संपवू नये. आठ कोअर, सोळा थ्रेड आणि ३२ जीबी रॅम हा माझ्या मते आजचा समंजस पाया आहे. सॉकेट एएम५ घ्यावं. ते २०२२ मध्ये आलं आणि २०२७ व त्यापुढेही त्याला सपोर्ट राहील, असं एएमडीने जाहीर केलं आहे. कंपनीने मागच्या सॉकेटच्या वेळी शेवटी शब्द पाळला, हे माझ्या दृष्टीने मोठं कारण आहे.

ग्राफिक्स कार्डाचं वय तीन गोष्टींवर ठरतं: वेग, मेमरी आणि चिपला अवगत असलेल्या कला. जाहिरात पहिलीची होते, आणि कार्ड निकामी होतं ते बहुधा दुसरी-तिसरीमुळे. २०२० च्या आरटीएक्स ३०७० चंच घ्या. चिप उत्तम, किंमत ४९९ डॉलर, मेमरी मात्र ८ जीबी. मार्च २०२३ मध्ये 'द लास्ट ऑफ अस पार्ट १' कॉम्प्युटरवर आला, तेव्हा टेक्स्चरची पातळी वर नेली की या कार्डाला मेमरी पुरेना. कार्डाची स्वतःची मेमरी सेकंदाला ४४८ जीबी माहिती पुरवते. ती भरली की उरलेली टेक्स्चर मदरबोर्डवरच्या रॅममधून मागवावी लागतात, आणि तो रस्ता सेकंदाला जेमतेम ३२ जीबीचा. चौदापट अरुंद. चित्र मध्येच अडखळतं, भिंती आणि कपडे काही क्षण धुरकट दिसतात, आणि फ्रेमची सरासरी चांगली दिसत असूनही खेळायला मजा येत नाही. चिपमध्ये दम होता, पण मेमरी वाढवायची सोय ग्राफिक्स कार्डात नसते. नव्या कार्डात किमान १२ जीबी, जमल्यास १६ जीबी असावी, असा माझा आग्रह त्यामुळेच आहे.

उलट उदाहरण मार्च २०१७ च्या जीटीएक्स १०८० टीआयचं. त्यात ११ जीबी मेमरी होती, म्हणून ते अनेक वर्षं ताठ उभं राहिलं. त्याला अडवलं ते तिसऱ्या गोष्टीने. किरणांचा माग काढून प्रकाश रंगवण्याची, म्हणजे रे ट्रेसिंगची, खास यंत्रणा त्या चिपमध्ये नव्हती. डिसेंबर २०२४ मधल्या इंडियाना जोन्सच्या गेमने ती सक्तीची केली आणि किमान गरज आरटीएक्स २०६० सुपर अशी लिहिली. २०६० सुपर कच्च्या वेगात १०८० टीआयच्या पुढे नाही, तरी दार उघडलं ते त्याच्यासाठी. असं दार केव्हा बंद होईल हे खरेदीच्या दिवशी ओळखता येत नाही. म्हणूनच एकच फार महागडं कार्ड घेऊन आठ वर्षं काढण्यापेक्षा मधल्या किमतीचं घ्यावं आणि चार वर्षांनी पुन्हा मधल्या किमतीचंच घ्यावं. दुसऱ्या वेळी नव्या कला आपोआप पदरात पडतात, आणि जुन्या कार्डाचे चार पैसे येतात. पीसीआय एक्स्प्रेसचा स्लॉट २००३ पासून मागच्या-पुढच्या पिढ्यांना सांभाळून घेत आला आहे, त्यामुळे हे शक्य होतं. फक्त अगदी स्वस्त कार्डांपासून सावध राहावं. २०२२ च्या आरएक्स ६५०० एक्सटीला माहिती नेणाऱ्या चारच लेन होत्या आणि जुन्या ३.० स्लॉटवर त्याचा वेग आणखी घसरायचा.

आता एसएमपीएस. या भागावर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण दहा वर्षांच्या हिशेबात याच्याइतकं महत्त्व दुसऱ्या कशालाच नाही. प्रोसेसर बिघडला तर एकटा बिघडतो. हा बिघडला तर जाताना बोर्ड, कार्ड, एसएसडी यांतलं काहीही सोबत नेऊ शकतो.

आत डोकावलं तर उभी नळकांडी दिसतात. ती इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. त्यांच्या आत द्रव असतो, तो उष्णतेने हळूहळू उडून जातो आणि कपॅसिटर म्हातारा होतो. अंगावर ८५ किंवा १०५ अंश असं तापमान छापलेलं असतं, आणि त्या तापमानाला तो किती तास टिकेल हे बनवणाऱ्याने सांगितलेलं असतं. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट होतं. हिशेब करून पाहू. कपॅसिटर १०५ अंशांना २,००० तासांचा आहे. आतलं तापमान ८५ अंश राहिलं तर ८,००० तास मिळतात. रोज चार तास खेळलं तर साडेपाच वर्षं. तेच ६५ अंशांवर ठेवता आलं तर ३२,००० तास, म्हणजे बावीस वर्षं. भाग तोच, फरक वीस अंशांचा. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात खोलीच ४२-४५ अंशांवर जाते. पुस्तकी आकडे बहुधा २५ अंशांच्या खोलीत मोजलेले असतात, तेव्हा हे वीस अंश तिथे सुरुवातीलाच खर्च झालेले असतात. अशा ठिकाणी १०५ अंशांचे कपॅसिटर, मोठा पंखा आणि गरजेपेक्षा जास्त वॅटेज ही चैन नाही.

एसएमपीएसच्या खोक्यावर ८० प्लसचा शिक्का असतो: ब्राँझ, गोल्ड, प्लॅटिनम. २००४ मध्ये सुरू झालेली ही योजना वीज किती वाया जाते एवढंच मोजते. गोल्डवाला निम्म्या भारावर सुमारे ९० टक्के वीज कामी लावतो, म्हणजे उष्णता कमी, म्हणजे अप्रत्यक्षपणे आयुष्य जास्त. पण टिकाऊपणाची हमी त्या शिक्क्यात नाही. ती वॉरंटीच्या वर्षांत दिसते. कॉर्सेअरच्या आरएमएक्स मालिकेला दहा, सीसॉनिकच्या प्राइमला बारा वर्षांची वॉरंटी मिळते. तीनच वर्षांची देणारी कंपनी काय सुचवते आहे ते समजून घ्यावं. नवी कार्डं क्षणभर दुप्पट वीज ओढतात, म्हणून २०२२ च्या एटीएक्स ३.० मानकाने एसएमपीएसला १०० मायक्रोसेकंदांपुरता स्वतःच्या दुप्पट भार सोसायला लावला. नवा घेताना खोक्यावर हे मानक बघावंच. मधल्या कार्डासाठी ७५० वॅटचा गोल्ड घेतला तर पुढच्या दोन कार्डांचीही सोय होते.

घरी यूपीएस आहे, तरी लाइट गेली की कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो, ही तक्रार नेहमीची आहे. दोष दरवेळी यूपीएसचा नसतो. लाइट गेल्यावर बॅटरीवर यायला साध्या यूपीएसला चार ते दहा मिलिसेकंद लागतात. तेवढा वेळ एसएमपीएसने आपल्या मोठ्या कपॅसिटरमधल्या साठ्यावर काढायचा असतो, आणि एटीएक्स मानक सुमारे १७ मिलिसेकंदांची अपेक्षा धरतं. स्वस्त एसएमपीएसमध्ये पैसे वाचवले जातात ते याच कपॅसिटरमध्ये. दुसरं कारण साध्या बेरजेचं. दुकानात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॅटच्या आसपास देतो. गेम चालू असताना कार्ड आणि प्रोसेसर मिळून ४०० वॅट घेत असतील, तर तो मान टाकणारच. गेमिंगच्या कॉम्प्युटरला १,००० व्हीएच्या वरचाच घ्यावा.

आणि अर्थिंग. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात, टेस्टर लावला की मिणमिणता दिवा लागतो, हे अनेक घरांत अंगवळणी पडलेलं आहे. एसएमपीएसच्या तोंडाशी दोन छोटे कपॅसिटर असतात, फेज आणि न्यूट्रलमधला गोंगाट अर्थमध्ये सोडण्यासाठी. अर्थच नसेल तर हे दोघे मिळून पत्र्याला निम्म्या दाबावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास नेऊन ठेवतात. करंट अगदी थोडा असतो, माणसाला सहसा इजा होत नाही. पण त्याच अवस्थेत टीव्हीची एचडीएमआय केबल लावली, तर पोर्ट जळू शकतं. पन्नास हजारांचं कार्ड घेण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलावून भिंतीवरच्या सॉकेटची अर्थिंग तपासून घ्यावी. तिसरी पिन कापलेला एक्स्टेन्शन बोर्ड घरात असेल तर तो आजच फेकावा.

कॅबिनेटबद्दल थोडक्यात. इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्स मानक आणलं. बोर्डाच्या स्क्रूची भोकं कुठे असावीत हे तेव्हा ठरलं आणि आजही ती तिथेच आहेत. तीस वर्षांत सॉकेट किती बदलली याची गणती नाही, कॅबिनेटचा सांगाडा टिकला. म्हणून समोर काच असलेल्या झगमगीत कॅबिनेटपेक्षा समोर जाळी, धुण्याजोगा फिल्टर आणि लांब कार्डाला जागा असलेलं कॅबिनेट एकदाच घ्यावं. हवा यायला वाट हवी. दिवे नसले तरी चालतं.

कूलरही तसाच दीर्घायुषी. पाण्याच्या बंद कूलरमधला पंप कधी ना कधी थांबतो आणि नळ्यांतून द्रव हळूहळू कमी होतो. हवेच्या कूलरमध्ये हलणारा भाग म्हणजे फक्त पंखा, तो पाच मिनिटांत बदलता येतो. ऑस्ट्रियातली नॉक्टुआ कंपनी नवं सॉकेट आलं की जुन्या कूलरसाठी बसवायची किट खरेदीचा पुरावा पाहून मोफत देते. २००९ चा त्यांचा एनएच-डी१४ आजच्या एएम५ वर बसतो.

रॅम एकाच पाकिटातल्या दोन पट्ट्यांची घ्यावी. चार पट्ट्या लावल्या की डीडीआर५ चा वेग उतरवावा लागतो, तेव्हा "आता १६, नंतर आणखी १६" हा जुना हिशेब इथे तोट्याचा. २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांमुळे रॅमचे भाव कडाडले, त्यामुळे ही सूचना खिशाला जड वाटेल हे मला ठाऊक आहे. मग ग्राफिक्स कार्ड एक पायरी खालचं घ्या. ते पुढे बदलणारच आहात. एसएसडीच्या आयुष्याची काळजी मात्र अनाठायी आहे. १ टीबीच्या बऱ्याच एसएसडींना ६०० टीबी लिहिण्याची हमी असते. रोज ५० जीबी लिहिलं, तरी ती संपायला बत्तीस-तेहतीस वर्षं लागतील.

बायोस अपडेट करण्याचा कंटाळा करू नये. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतल्या वरच्या प्रोसेसरांना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळून ते झिजू लागले होते. २०२४ मध्ये कंपनीने त्यावर बायोसमधून दुरुस्ती पाठवली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. ज्यांनी बायोस जुनाच ठेवला, त्यांच्या चिपा झिजतच राहिल्या.

कार्ड किती वर्षं चालेल हे मॉनिटरवरही बरंच अवलंबून असतं. १०८०पी पडद्यावर सुमारे २१ लाख ठिपके असतात, १४४०पीवर ३७ लाख, फोर-केवर ८३ लाख. कार्डाला दर फ्रेमला तेवढे ठिपके रंगवायचे असतात. १४४०पीचा मॉनिटर घेणाऱ्याचं कार्ड फोर-केवाल्यापेक्षा दोन-तीन वर्षं जास्त चालतं असं मी मानतो. फ्रेमवर मर्यादाही घालावी. पडदा १४४ हर्ट्‌झचा असताना मेनूमध्ये ४०० फ्रेम काढणारं कार्ड फुकट तापत असतं. तापणं-निवणं यांच्या फेऱ्यांनी चिपखालचे सोल्डरचे जोड तडकतात. एक्सबॉक्स ३६० च्या अशाच बिघाडांपायी मायक्रोसॉफ्टला २००७ मध्ये एक अब्ज डॉलरच्या वर रक्कम बाजूला काढून वॉरंटी तीन वर्षांवर न्यावी लागली होती.

शेवटी बिल. लॅमिंग्टन रोडला घ्या, तापकीर गल्लीत घ्या नाहीतर ऑनलाइन घ्या, जीएसटीचं बिल आणि त्यावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर मागून घ्यावा. बाहेरून आलेल्या मालाला इथला अधिकृत वितरक वॉरंटी नाकारू शकतो, तेव्हा दोन-तीन हजारांनी स्वस्त मिळणारं कार्ड कुणाच्या वॉरंटीवर आहे ते आधी विचारावं. दहा वर्षांची वॉरंटी असलेल्या एसएमपीएसचं थर्मल कागदावरचं बिल दोन पावसाळ्यांत कोरं होतं. दुकानातून घरी आल्यावर लगेच त्याचा फोटो काढून स्वतःला ईमेल करून ठेवावा.